गृहचर्चा : एका पिंजऱ्यांत दोन बिऱ्हाडें

मुक्या प्राण्यांस आश्रय देण्याची चाल आपल्या घरांतून जुनीच आहे. ओसरीवरचा पोपट, चुलीजवळची मांजर, परसांतली गाय हीं कुटुंबांतलींच माणसें समजलीं जात. आतां शहरांतील घरांस ओसरी नाहीं व परसही नाहीं. तेव्हां मुलांच्या हट्टासाठीं मेजावर मावेल एवढा प्राणी घरांत येऊं लागला आहे. हॅमस्टर हा त्यांपैकींच एक. मुठींत मावणारा, मऊ अंगाचा, गालांच्या पिशव्यांत दाणे कोंबून पळणारा हा चिमुकला जीव मुलांस वेड लावतो यांत नवल नाहीं. परंतु पोपटाचा व मांजरीचा स्वभाव आपल्या वडीलधाऱ्यांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता; या नव्या पाहुण्याचा स्वभाव घरांत कोणासच ठाऊक नसतो. मग आपण त्याला आपलाच स्वभाव चिकटवतों, आणि तेथेंच घोटाळा होतो.

भिवंडीहून एका भगिनींनीं पाठविलेल्या पत्रामुळें हा विषय या महिन्यांत घेतला आहे. त्यांच्या घरीं सासूसासरे, दोन दीर, जावा व पांच मुलें असा परिवार आहे. गेल्या दिवाळींत मुलांसाठीं बुटक्या जातीचे दोन हॅमस्टर आणले, तेव्हां ते महिन्याभराचे होते. एकाच पिंजऱ्यांत, एकमेकांच्या कुशींत ते निजत. चैत्र लागला तसा रात्रीं पिंजऱ्यांतून चिरकण्याचा आवाज येऊं लागला, आणि एके सकाळीं एकाच्या पाठीच्या मागल्या भागावर रक्ताळलेली जखम दिसली. या भगिनींचें मत, दोघांस तत्काळ वेगळें करावें. सासूबाईंचें म्हणणें, एकट्या जिवाला करमणार कसें? भांड्याला भांडें लागायचेंच. म्हणून कोणी लगेच चूल वेगळी मांडतें काय? मुलें रडकुंडीस आलीं आहेत. वयांत आलेले बुटके हॅमस्टर एका पिंजऱ्यांत सुखरूप नांदूं शकतात कीं नाहीं, एवढा निर्णय त्यांना हवा आहे.

उत्तर आधीं देतों. कारण जखमी जीव आमचें विवेचन संपेपर्यंत थांबणार नाहीं. दोघांस आजच वेगळें करावें आणि पुन्हां एकत्र करूं नये. सर्वसाधारण नियम असा, कीं एका प्रौढ हॅमस्टरास एक पिंजरा. या नियमास कांहीं अपवाद आहेत व त्यांचा विचार पुढें केला आहे. परंतु अपवादांच्या भरंवशावर कोणाचा जीव टांगून ठेवूं नये.

आतां कारणें पाहूं. दुकानांतून ‘ड्वार्फ’ या एकाच नांवाखालीं निरनिराळ्या जाती विकल्या जातात. त्यांत मुख्य तीन. पहिली सायबेरियन, हिचें शास्त्रीय वर्णन पाल्लास या पंडितानें १७७३ सालीं केलें. दुसरी रोबोरोव्हस्की; ही सर्वांत लहान, वजन अवघें २०-२५ ग्रॅम, आणि हिचें वर्णन १९०३ सालचें. तिसरी कॅम्पबेल, हिला ओल्डफील्ड थॉमस यांनीं १९०५ सालीं नांव दिलें. सायबेरिया, मंगोलिया व उत्तर चीन या बाजूंचीं थंड गवताळ मैदानें आणि वाळवंटें हें या तिघींचें माहेर होय. सायबेरियन व कॅम्पबेल यांचा आपसांत संकरही होतो, त्यामुळें दुकानांतून आणलेला प्राणी नेमका कोणत्या कुळींचा, हें पुष्कळदां विक्रेत्यासही सांगतां येत नाहीं.

याखेरीज सोनेरी किंवा सिरियन म्हणून जो मोठा हॅमस्टर मिळतो, तो बुटक्यांपैकीं नव्हे. त्याचें वजन १०० ग्रॅमच्या वर जातें. तो पूर्णपणें एकांतप्रिय आहे व त्याच्या बाबतींत अपवादाचा विचारच नको. १९३० सालीं जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठांतील इस्रायल आहारोनी यांनीं अलेप्पो शहराजवळ शेतांतील बीळ खणवून एक मादी व तिचीं ११ पिल्लें मिळविलीं. तीं सर्व पेटींत ठेवतांच मादीनें आपल्याच एका पिल्लाचा जीव घेतला. आज जगभर घरोघरीं दिसणारे बहुतेक सिरियन हॅमस्टर या एका कुटुंबाचेच वंशज समजले जातात. ही कथा सांगण्याचें प्रयोजन एवढेंच, कीं बिळांत जी आई पिल्लें सांभाळीत होती, तिच्याच हातून पेटींत कोंडल्यावर तें घडलें. प्राणी तोच, जागा बदलली.

जागेचा हा मुद्दा बुटक्या जातींसही तितकाच लागू आहे. मोकळ्या माळावर एका हॅमस्टराची दुसऱ्याशीं गांठ पडली, तर दोघे एकमेकांचा वास घेतात, मागल्या पायांवर उभे राहून झटापट करतात, आणि जो कमी पडतो तो पळून जातो. पळून गेला कीं भांडण मिटलें. पुढें दोघांमध्यें बरेंच अंतर राहतें व तें अंतरच शांतता राखतें. पिंजऱ्यांत हरणाऱ्याला पळायला जागा कोठें आहे? तो कोपऱ्यांत जातो, जिंकणारा मागोमाग येतो. हरणाऱ्यानें हार मानली तरी जिंकणाऱ्याच्या दृष्टीनें तो अजून आपल्या हद्दींतच बसलेला असतो. म्हणून जें भांडण रानांत थोड्या वेळांत संपलें असतें, तें पिंजऱ्यांत रात्रभर चालतें व रोज चालतें.

याचें उदाहरण शोधण्यास मंगोलियांत जाण्याची गरज नाहीं. भिवंडी तालुक्यांत भातकापणीनंतर बांधांवरचीं उंदरांचीं बिळें दिसतात. शेतांतला हा उंदीरही हॅमस्टराप्रमाणेंच धान्य सांठविणारा. त्याच्या बिळांतील कोठड्यांतून भाताच्या लोंब्या रचून ठेवलेल्या सांपडतात, आणि कातकरी लोक बिळें खणून तें भात काढून आणीत आले आहेत. अशा एका बिळांत बहुधा एकच मोठा उंदीर असतो, नाहीं तर पिल्लांसह आई. शेतांत बिळें शेजारींशेजारीं असतील, परंतु दार ज्याचें त्याचें. ज्या प्राण्याचा संसार सांठविलेल्या दाण्यांवर चालतो, त्याला घरांत आलेला दुसरा प्रौढ हा सोबती वाटत नाहीं. तो कोठारावर आलेला चोर वाटतो.

आतां अपवादांकडे वळूं. कारण कांहीं सुशिक्षित वाचक म्हणतील, बुटके हॅमस्टर जोडीनें राहतात असें आम्हीं वाचलें आहे. तेंही खोटें नाहीं. कॅम्पबेल जातीचा नर तर पित्याचें कर्तव्य ज्या तत्परतेनें करतो तें पाहून आश्चर्य वाटतें. कॅनडांतील क्वीन्स विद्यापीठाच्या जेनिफर जोन्स व कॅथरीन विन-एडवर्ड्स यांनीं २००० सालीं प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत, हा नर प्रसूतीच्या वेळीं पिल्लूं बाहेर येण्यास मदत करतो, त्याला चाटून स्वच्छ करतो व त्याच्या श्वासाचा मार्ग मोकळा करतो, असें आढळलें. त्याचाच निकटचा भाऊबंद जो सायबेरियन, त्याच्या नराकडून अशी सुईणीची कामगिरी होत नाहीं. मात्र सायबेरियन नरमादीची जुळलेली जोडी तोडली, तर नराचें वजन वाढतें व त्याची चौकसबुद्धि मंदावते, असें अमेरिकेंतील जॅकलिन क्रॉली यांनीं १९८४ सालीं नोंदविलें आहे. रोबोरोव्हस्की जातीचीं भावंडें जन्मापासून एकत्र असल्यास पुढेंही सलोख्यानें राहिल्याचीं उदाहरणें आहेत.

परंतु हे दाखले नीट वाचावेत. पहिले दोन नर आणि मादी यांच्या जोडीविषयींचे आहेत, दोन नरांविषयींचे किंवा दोन माद्यांविषयींचे नव्हेत. आणि नरमादीची जोडी घरांत ठेवणें म्हणजे काय, याचा हिशेब करून पाहावा. मादीला सुमारें १८ ते २० दिवस जातात, एका वेळेस चार ते सहा पिल्लें होतात, आणि व्याल्यावर त्याच दिवशीं ती पुन्हां गाभण राहूं शकते. दर तीन आठवड्यांस एक वेत, वेतास पांच पिल्लें असें धरलें, तरी श्रावणापासून दिवाळीपर्यंत वीस पिल्लें झालीं. आणि पहिल्या वेतांतील पिल्लें तोंपर्यंत स्वतः आईबाप झालेलीं असतात. मादीचें शरीर यांत झिजून जातें, तें निराळेंच. कोणतेंही समंजस कुटुंब हा भार उचलणार नाहीं. राहतां राहिलीं एकाच वेतांतील, एकाच लिंगाचीं भावंडें. त्यांचें बहुधा वयांत येईपर्यंत पटतें. दोन महिन्यांपासून पुढचा काळ कसोटीचा; त्या काळांत पुष्कळ जोड्या फुटतात. भिवंडीच्या घरीं दिवाळींतील गोडी चैत्रांत संपली, ती याच हिशेबानें. त्यांत मुलांनीं वाईट खाऊं घातलें नाहीं, कीं कोणाची दृष्ट लागली नाहीं. प्राणी वयांत आले, एवढेंच.

मग ही गोष्ट घरांतील माणसांच्या ध्यानांत उशिरां कां येते? कारण हॅमस्टर रात्रीचा जीव आहे. दिवसां तो निजतो. आणि घरटें एकच असेल तर दोघे वैरीही त्यांतच अंग चोरून पडतात. मुलें तें पाहून म्हणतात, किती प्रेम आहे! खरा व्यवहार दिवे मालवल्यावर सुरू होतो. भिवंडींत रात्रपाळीवर यंत्रमाग चालविणारा मनुष्य त्या वेळीं जागा असतो, पण पिंजऱ्यापाशीं कोणी जागें नसतें. म्हणून ज्यांच्या घरीं दोन प्राणी एकत्र आहेत, त्यांनीं दोनतीन रात्री मंद दिव्यांत तासभर बसून पाहावें. पुढील खुणा ओळखण्यास कठीण नाहींत. एकजण चक्रावर किंवा दाण्याच्या वाटीवर ठाण मांडून बसतो व दुसरा जवळ आला कीं अंगावर जातो. दुसरा जागेपणीं सतत आडोशाला राहतो, किंवा घरट्याबाहेर एकटा निजतो. पाठलाग, चिरकणें, उताणें पडणें हें वारंवार घडतें. एकाचें वजन वाढतें व दुसऱ्याचें उतरतें. पाठीच्या मागल्या भागावर, कानांवर किंवा पोटाखालीं केस गेलेले अथवा खपल्या धरलेल्या दिसतात. क्वचित्‌ एखादें चिरकणें झालें तर घाबरूं नये. परंतु रक्त दिसलें, किंवा एकजण भीतीनें खाणेंपिणें टाळूं लागला, तर विचार करीत बसूं नये.

येथें सासूबाईंच्या म्हणण्याचा आदरानें विचार केला पाहिजे. त्यांच्या बोलण्यांत निष्ठुरपणा नाहीं. उलट कळवळा आहे. एकत्र कुटुंबांत ज्यांनीं जन्म घालविला, त्यांना एकटेपणासारखी शिक्षा दुसरी दिसत नाहीं. आपल्या घरांत भांड्याला भांडें लागतें हें खरें. पण त्यानंतर कोणी माहेरीं चार दिवस जाऊन येतें, कोणी देवदर्शनास जातें, कोणी माजघर सोडून गच्चींत बसतें, आणि वडील माणूस मध्यें पडून समजूत घालतें. एकत्र कुटुंब टिकतें तें भिंती नसल्यामुळें नव्हे. माणसाला दूर जाण्याची व परत येण्याची सोय असते म्हणून टिकतें. पिंजऱ्यांतील दोघांस ना माहेर, ना गच्ची, ना वडील माणूस. शिवाय माणूस हा मुळांतच कळपाचा प्राणी आहे आणि हा जीव तसा नाहीं. उंटाला केळीची बाग प्रिय वाटेल म्हणून नेऊन बांधला, तर त्यांत उंटाचें कल्याण नाहीं व बागेचेंही नाहीं. प्रौढ हॅमस्टरास एकटें ठेवणें म्हणजे त्याला वाळींत टाकणें नव्हे. त्याचें घर त्याच्या स्वाधीन करणें होय.

आतां प्रत्यक्ष काय करावें तें सांगतों. जखमी प्राण्यास जुन्याच पिंजऱ्यांत ठेवून दुसऱ्यास नवा पिंजरा द्यावा. जखम खोल असेल, सूज आली असेल किंवा प्राणी मलूल दिसत असेल, तर लहान प्राणी पाहण्याची संवय असलेल्या पशुवैद्याकडे त्याच दिवशीं न्यावें. हळद, मलम किंवा माणसांचें औषध लावूं नये. तो अंग चाटतो व तें सारें पोटांत जातें. परळचें बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचें रुग्णालय व तेथेंच १८८६ सालीं निघालेलें पशुवैद्यकीय महाविद्यालय हीं मुंबई प्रांतीं प्रसिद्ध आहेत. परंतु भिवंडीहून परळ गांठेपर्यंत अर्धा दिवस जातो. यास्तव प्राणी घरीं आणण्यापूर्वींच ठाणें-कल्याणकडे कोणता पशुवैद्य असे प्राणी तपासतो, याची चौकशी करून ठेवावी.

वेगळें करणें अर्धवट नसावें. कित्येकजण पिंजऱ्याच्या मध्यें जाळी बसवितात. तिच्यामुळें शत्रूचा वास रात्रंदिवस नाकाशीं राहतो, आणि जाळींतून पायांचे चावेही घेतले जातात. दोन पिंजरे दोन ठिकाणीं ठेवावेत. थोडे दिवस गेल्यावर राग विसरले असतील म्हणून भेट घडवून आणण्याचा मोह मुलांस होतो. तो निग्रहानें मोडावा. या प्राण्याची ओळख वासावर चालते. ताटातूट झाल्यावर जुना भाऊही त्याला परका होतो. दुकानांतून नवा प्रौढ आणून जुन्याच्या पिंजऱ्यांत सोडणें, हें तर कधींही करूं नये.

पिंजरा किती मोठा असावा? जर्मनींतील पशुवैद्यांच्या प्राणिसंरक्षण संस्थेनें एका हॅमस्टरासाठीं १०० सेंटिमीटर लांब, ५० रुंद व ५० उंच इतकें किमान माप सांगितलें आहे. म्हणजे लांबी सवातीन फुटांची. तळाशीं निदान वीतभर खोल कागदाचा कीस किंवा तत्सम मऊ थर असावा, म्हणजे त्याला भुयार खणतां येतें. उग्र वासाचा लाकडी भुसा नको. धांवण्यासाठीं पाठ न वांकेल एवढें, गजांच्या फटी नसलेलें चक्र द्यावें. वैशाखांत भिवंडीचा उकाडा या थंड मुलुखांतील जीवास जड जातो. पिंजरा उन्हांत अगर पत्र्याखालीं नसावा, आणि आंत एखादें मातीचें कौल ठेवल्यास तो त्यावर पोट टेकून निजतो. ज्यांच्या भिंतीपलीकडे माग चालतो, त्यांनीं पिंजरा त्या भिंतीस लावूं नये; याचे कान आपल्याहून फार तीक्ष्ण आहेत.

कोणाच्या घरीं एकाच वेतांतील दोन भावंडें आज गोडीनें नांदत असतील, तर त्यांस उगाच तोडा असें आमचें म्हणणें नाहीं. मात्र तीं खरोखर एकाच लिंगाचीं आहेत, हें पशुवैद्याकडून पाहून घ्यावें. नरांत दोन छिद्रांमधील अंतर अधिक व मादींत कमी असतें, पण लहानपणीं यांत जाणतेही फसतात. जागा भरपूर असावी. वाटी, चक्र, पाण्याची नळी, घरटें हें सारें दोन दोन व परस्परांपासून दूर असावें. घरट्यास एकच दार नसावें. दोन असावींत, म्हणजे आंत कोणी कोंडला जात नाहीं. आणि दुसरा पिंजरा धुऊन पुसून तयार ठेवावा. तो तयार नसेल, तर ज्या रात्रीं लागेल त्या रात्रीं दुकान उघडें नसतें.

कायदाही या बाबतींत अगदींच मुका नाहीं. १९६० च्या प्राणिक्लेशप्रतिबंधक कायद्यांत, प्राण्यास नीट हालचाल करतां येणार नाहीं इतक्या तोकड्या पिंजऱ्यांत कोंडणें हा अपराध मानला आहे. आणि २०१८ सालीं पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठीं जे नियम झाले, त्यांत हॅमस्टराचा नांवानिशीं उल्लेख असून दुकानाची नोंदणी आवश्यक केली आहे. तेव्हां विकत घेतांना दुकानदारास नोंदणी, प्राण्याची जात, वय व लिंग हीं विचारण्यास संकोच करूं नये. दोन घ्या, एकट्याला करमत नाहीं, असें तो म्हणाला, तर तें त्याच्या विक्रीच्या दृष्टीनें म्हटलेलें असूं शकतें, हें लक्षांत ठेवावें.

मुलांस या प्रसंगीं खरें कारण सांगावें. ते एकमेकांवर रुसले आहेत, असें सांगून वेळ मारून नेली, तर उद्यां मुलें स्वतःच समेट करावयास जातील व एखादा जीव दगावेल. ते मोठे झाले; आतां त्यांस आपापलें घर हवें, हें वाक्य सहा वर्षांच्या मुलासही कळतें. दाणे घालणें, पाणी बदलणें, दर आठवड्यास स्वयंपाकघराबाहेरच्या लहान तराजूवर वजन करून वहींत लिहिणें, हीं कामें पांच मुलांत वांटून द्यावींत. सोबत ज्याला हवी आहे त्यानें संध्याकाळीं पिंजऱ्यापाशीं शांत बसावें, म्हणजे तो हळूहळू हातावर येऊं लागतो. आणि पुढें कधीं मुलानें दुसऱ्या हॅमस्टराचा हट्ट धरला, तर त्याला एवढेंच विचारावें, कीं दुसरा पिंजरा कोठें ठेवशील? जागा दाखवितां आली तर प्राणी आणावा. दाखवितां आली नाहीं, तर असलेल्या एकाचेंच दोन वर्षांचें आयुष्य सुखाचें करावें.